पाठमोऱ्या भिंती

आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. काटकसरी घरातली मुलं या दोन विषयांना मिळून एकच दोनशे पानी वही करतात. वही एका बाजूने उघडली की मराठी, पालथी घालून दुसऱ्या बाजूने उघडली की उर्दू. मराठीचं पहिलं पान ते उर्दूचं शेवटचं. वर्ष संपत आलं की दोन्ही भाषा मध्यावर, पिनांच्या आसपास एकमेकींना भेटतात. एकदा मी गमतीने वर्गाला विचारलं, "या वहीचं मुखपृष्ठ कोणतं आणि मागचं पान कोणतं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, तास कुठला चालू आहे त्यावर!"

वर्ग हसला, मीही हसले. पण त्या पोराचं उत्तर घरच्या एका गोष्टीत मला दोन वर्षं सुचलं नव्हतं. ते सुचलं माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरमुळे. त्याचीच ही हकीकत.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. अब्बांनी बांधलेलं माळवदाचं घर होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचं छत. समोर ओटा, मागे परसू, परसाच्या बाजूला स्वयंपाकघर. अब्बा गेले, पुढे अम्मीही गेली. घरात माझा धाकटा भाऊ आणि त्याचा संसार राहिला. मी दरवर्षी ईदला जायची. दोन दिवस राहायची, अम्मीच्या खोलीत बसायची आणि परत यायची.

मागच्या खेपेला गेले तेव्हा का कोण जाणे, घराची मापं घेऊन ठेवावीत असं वाटलं. टेप घेतला, शाळेतली एक अर्धी उरलेली वही घेतली आणि दर्शनी भिंत, तिच्यातलं दार, दोन खिडक्या आणि उजवीकडची भिंत एवढं मोजलं. तेवढ्यात एसटीची वेळ झाली. मागची बाजू पुढच्या ईदला घेऊ म्हटलं.

पुढची ईद आली तेव्हा घर नव्हतं. त्या उन्हाळ्यात भावाने ते पाडलं आणि स्लॅबचं घर बांधायला काढलं. मला कळलं ते पाडून झाल्यावर, तेही फोनवरून. तो म्हणाला, "आपा, मागची भिंत सुटली होती. पावसाळ्याआधी पाडावंच लागलं." मी एवढंच म्हटलं, "मला विचारलंही नाहीस?" त्यानंतर आमचं बोलणं दुआ-सलामपुरतं उरलं. भांडण झालं असं म्हणता येणार नाही. भांडणात निदान दोन्ही बाजू बोलतात.

आता मुलाकडे येते. तो पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी त्याने ठरवलं की नानांचं घर थ्री-डीमध्ये उभं करायचं, असं की मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून त्याच्याभोवती आणि आतून फिरता यावं. त्यासाठी त्याने थ्री जेएस नावाची जावास्क्रिप्टची लायब्ररी घेतली. माझी वही त्याने मागून घेतली. उरलेल्या मापांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "मामूंकडे आहेत. पाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं मोजून ठेवलंय."

हे मला माहीत नव्हतं.

मुलाने आम्हा दोघांना सारखीच सूचना दिली. घराबाहेर भिंतीसमोर उभे आहोत अशी कल्पना करायची आणि भिंतीचे चार कोपरे ओळीने लिहायचे. प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे : ओट्याच्या पहिल्या पायरीपासून किती बाजूला, किती आत आणि किती उंच. मी माझ्या वहीवरून लिहून दिलं. भावाने रात्रीच व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. गवंड्याच्या अंदाजपत्रकाच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने, एकेक भिंत लिहिलेली.

दोन दिवसांनी मुलाने मला बोलावलं. "अम्मी, ये. बघ."

पडद्यावर अब्बांचं घर होतं. मातीचा रंग, ओटा, दार, दोन्ही खिडक्या. मला काही बोलता येईना. मी माउस हातात घेतला आणि घर हळूहळू फिरवलं. उजवी भिंत आली. आणखी फिरवलं, आणि मागच्या बाजूला घरच नव्हतं. छत अधांतरी तरंगत होतं, खाली जमीन होती, मधे काहीच नाही. भावाने दिलेली मागची भिंत नाही, डावीकडची स्वयंपाकघराची भिंत नाही. एवढंच नव्हे, मागून पाहताना माझी दर्शनी भिंतसुद्धा दिसेना, आरपार गल्ली दिसावी तसं. परत पुढे आले तर ती जागेवर.

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "तुझ्या मामूचं काम असंच. घर पाडलं तसं मोजलं असेल."

मुलगा काही बोलला नाही. त्याने भावाचे आकडे एकेक करून तपासायला घेतले. मीही शेजारी बसले, चुका शोधायच्या तयारीनेच. मागच्या भिंतीची लांबी माझ्या दर्शनी भिंतीच्या लांबीशी जुळली. उंचीत अर्ध्या फुटाचा फरक होता, पण तो खराच होता, पावसाचं पाणी मागे पडावं म्हणून छताला दिलेला उतार. मला तो कधी लक्षातच आला नव्हता. सगळे आकडे बरोबर होते. तरी भिंती दिसत नव्हत्या.

मग मुलाने कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे. कोपरे ओळीने लिहा म्हटलं, पण कुठल्या बाजूने ते सांगितलंच नाही."

त्याने माझा कागद आणि भावाचा कागद शेजारी ठेवले. मी प्रत्येक भिंतीची सुरुवात वरच्या उजव्या कोपऱ्यापासून केली होती. तिथून डावीकडे, मग खाली, मग खालून परत उजवीकडे. भावाने सुरुवात केली होती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. तिथून उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले, कारण ती मोहल्ल्यातच होती आणि मुलीला लांब पाठवायचं नव्हतं. भाऊ पहिलीपासून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. कोरा चौकोन समोर आला की माझा हात आपोआप उजवीकडून सुरू होतो, त्याचा डावीकडून. आम्ही दोघांनी त्याच घराचे कोपरे अचूक लिहिले होते. फक्त मी घड्याळाच्या उलट दिशेने फिरले होते आणि तो घड्याळाच्या दिशेने.

"पण त्याने भिंत गायब का व्हावी?" मी विचारलं. पुढचा तासभर मुलगा शिक्षक होता आणि मी विद्यार्थिनी. त्याने मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. यात अवघड काही नाही, आठवीच्या भूमितीवर भागतं.

कॉम्प्युटरला भिंत, घर, झाड असं काही कळत नाही. त्याला कळतात त्रिकोण. तिवई कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं, कारण तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत असतात. म्हणून प्रत्येक पृष्ठभागाचे त्रिकोण करतात. चौकोनी भिंतीचे दोन : पहिला, दुसरा, तिसरा कोपरा हा एक आणि पहिला, तिसरा, चौथा हा दुसरा. या कोपऱ्यांना भूमितीच्या पुस्तकात शिरोबिंदू म्हणतात.

आता कागदाचा एक त्रिकोण कापा आणि हातात धरा. त्याला दोन बाजू आहेत. त्यातली दर्शनी कोणती आणि पाठ कोणती? कागदावर तसं काही लिहिलेलं नसतं. पण कोपऱ्यांना १, २, ३ असे क्रमांक टोचून आरपार दिसतील असे दिले, तर एका बाजूने पाहताना १ वरून २, २ वरून ३ हा प्रवास घड्याळाच्या उलट दिशेने होतो. कागद पालटून दुसऱ्या बाजूने पाहा. तेच क्रमांक, तोच क्रम, पण प्रवास आता घड्याळाच्या दिशेने. काचेच्या तबकडीचं घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतात, तसंच. म्हणजे नुसत्या क्रमावरून यंत्राला ओळखता येतं की हा त्रिकोण आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ करून.

ते ओळखण्याची रीत मला फार आवडली. मुलाने वहीत तीन बिंदू लिहिले : (०, ०), (४, ०) आणि (०, ३). प्रत्येक बिंदूपासून पुढच्या बिंदूकडे जाताना पहिल्याचा आडवा आकडा गुणिले दुसऱ्याचा उभा, त्यातून वजा दुसऱ्याचा आडवा गुणिले पहिल्याचा उभा. तिन्ही वेळचं उत्तर मिळवायचं आणि निम्मं करायचं. पहिल्यांदा ०, मग १२, मग ०. बेरीज १२, निम्मं ६. पाया ४, उंची ३ च्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६, बरोबर. मग त्याने म्हटलं, आता उलट क्रमाने कर. (०, ०), (०, ३), (४, ०). मी केलं. उत्तर आलं वजा ६.

वीस वर्षांच्या नोकरीत मी ऋण क्षेत्रफळ पाहिलं नव्हतं. जमीन वजा सहा चौरस फूट कशी असेल? पण ते वजा चिन्ह जमिनीबद्दल काही सांगत नाही. ते सांगतं की तुम्ही जमिनीला फेरी कुठल्या बाजूने मारलीत. घड्याळाच्या उलट फिरलात तर अधिक, घड्याळाच्या दिशेने फिरलात तर वजा. ग्राफिक्सचं यंत्र प्रत्येक त्रिकोण पडद्यावर कसा पडेल ते काढतं, हे क्षेत्रफळ मोजतं आणि चिन्ह बघतं. एवढ्याशा चिन्हावर तोंड की पाठ याचा निवाडा.

आणि निवाडा झाला की पाठ असलेले त्रिकोण ते टाकून देतं. रंगवतच नाही. याला फेस कलिंग म्हणतात. कलिंग म्हणजे कळपातून नको असलेली जनावरं वेगळी काढणं. आपण तांदूळ निवडतो तसं म्हणू. यात दुष्टावा नाही, काटकसर आहे. लाकडी ठोकळा घ्या. त्याला ६ पृष्ठं, म्हणजे १२ त्रिकोण. बाहेरून कसाही पाहिलात तरी एका वेळी ३ पेक्षा जास्त पृष्ठं दिसत नाहीत. उरलेली तुमच्याकडे पाठ करून असतात आणि पुढच्या पृष्ठांनी झाकलेली असतात. जे दिसणारच नाही ते रंगवण्यात मेहनत का घालवायची? एखाद्या खेळात लाखो त्रिकोण असतात आणि ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे असतात. त्यातले अंदाजे निम्मे नुसत्या चिन्हावरून बाजूला निघाले तर मोबाइलची बॅटरी वाचते. मुलं मोबाइलवर खेळताना कधी पात्र भिंतीत घुसतं आणि अचानक भिंत नाहीशी होऊन पलीकडचं सगळं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. भिंत आतून पाहिली जाईल असं कुणी धरलेलंच नसतं.

मी विचारलं, "घड्याळाच्या उलट म्हणजेच सुलट, हे कुणी ठरवलं?"

मुलगा म्हणाला, "कुणीतरी ठरवलं, बस. आणि दुसऱ्या कुणीतरी उलट ठरवलं."

ओपनजीएल ही ग्राफिक्सची पद्धत सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९२ साली आणली. तिच्यात काही वेगळं सांगितलं नाही तर घड्याळाच्या उलट क्रमाचा त्रिकोण दर्शनी धरतात. ब्राउझरमधलं वेबजीएल तिच्याच घराण्यातलं आणि थ्री जेएस वेबजीएलच्या आधाराने चालत आलेलं, म्हणून तिथेही तोच रिवाज. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट-थ्रीडीमध्ये मात्र काही न सांगता घड्याळाच्या दिशेचा त्रिकोण दर्शनी. खेळ बनवण्याच्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्येही तसंच. म्हणजे मुलाने हेच घर त्याच आकड्यांनी युनिटीत बांधलं असतं, तर माझ्या भावाच्या भिंती उभ्या राहिल्या असत्या आणि माझ्या गायब झाल्या असत्या. आणि मग "तुझ्या अम्मीचं काम असंच" असं कुणीतरी म्हटलं असतं.

हे ऐकल्यावर माउसवरचा माझा हात थांबला.

दिशेचा रिवाज आपल्याला नवा नाही. काबागृहाचा तवाफ घड्याळाच्या उलट दिशेने करतात, काबा डाव्या हाताला ठेवून. आमच्या गावच्या मंदिराची प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने, देव उजव्या हाताला ठेवून. धावण्याच्या शर्यतीत मैदानाची फेरी घड्याळाच्या उलट. ज्याची जशी रीत. फिरणाऱ्याच्या मनात गोंधळ नसतो. गोंधळ होतो तो दोन रीती एकाच यादीत न सांगता मिसळल्यावर. माझी एकटीची यादी असती तर घर नीट उभं राहिलं असतं. भावाची एकट्याची असती तर एक खूण बदलून तेही नीट उभं राहिलं असतं. आम्ही दोघं आपापल्या जागी सुसंगत होतो. कुणी कुठून सुरुवात केली, हे फक्त एकमेकांना विचारलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "अम्मी, अजून एक गंमत दाखवू?" त्याने कॅमेरा दारातून आत नेला. आता आम्ही घरात उभे होतो. समोर मागची भिंत होती. डावीकडे स्वयंपाकघराची भिंत होती. आणि मागे वळून पाहिलं तर माझी दर्शनी भिंत नाही, उजवीकडची भिंत नाही, नुसतं आकाश. बाहेरून माझ्या भिंती दिसत होत्या, आतून भावाच्या.

हे काही चमत्काराने झालेलं नव्हतं. एकेका पातळ पत्र्यासारखी ती भिंत होती, तिचा क्रम उलटा, म्हणून तिचं तोंड आत. गणित अगदी साधं. पण मी त्या रिकाम्या घरात बघत राहिले. मी दरवर्षी ओट्यावरून घरात शिरणारी आणि ओट्यावरूनच निघणारी पाहुणी. दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती पसरणारा तो. पावसाच्या रात्री टपकणाऱ्या जागी पातेली ठेवणारी माझी भावजय. मागची भिंत सुटली म्हणजे काय, हे त्या भिंतीला पाय करून झोपणाऱ्यालाच कळतं. त्याने मला विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. ते माझं म्हणणं खोटं नाही. पण दोन वर्षं मी त्याला एकाच बाजूने पाहत होते, आणि त्या बाजूने तो दिसत नव्हता म्हणून तो नाहीच, असं धरून चालले होते. यंत्राला काटकसर करायची असते. मला कसली घाई होती?

आता दुरुस्ती. मुलापुढे तीन वाटा होत्या.

पहिली सगळ्यात सोपी. प्रत्येक भिंतीला सांगायचं की तुझ्या दोन्ही बाजू रंगव. थ्री जेएसमध्ये त्यासाठी डबलसाइड असा पर्याय आहे. एक शब्द बदलला की सगळ्या भिंती दोन्हीकडून दिसतात. त्याने करून दाखवलं आणि लगेच काढूनही टाकलं. म्हणाला, "याने चूक झाकली जाते, सुटत नाही. उद्या हे घर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं की परत तेच." शिवाय झाडाचं पान, पडदा, कागद अशा पातळ वस्तूंना ते ठीक. घर काही कागदाचं नव्हतं.

दुसरी वाट म्हणजे भावाच्या प्रत्येक त्रिकोणातल्या दोन शिरोबिंदूंची अदलाबदल करायची. १, २, ३ चं १, ३, २ केलं की दिशा उलटते. आकडे तेच, जागा त्याच, नुसता क्रम बदलला. त्याने चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि मागची बाजू क्षणात उभी राहिली. हे करताना त्याने मला आणखी एक खाचखळगा दाखवला. दाराच्या उजवीकडचा ओटा त्याने बांधला होता आणि डावीकडचा अगदी तसाच म्हणून उजव्याच्या सगळ्या आडव्या आकड्यांची चिन्हं बदलून आरशातली प्रतिमा केली होती. तो डावा ओटाही आतबाहेर उलटा झाला होता. आरसा दिशा उलटवतो. उर्दूचा कागद उजेडात धरून मागून पाहिला तर अक्षरं डावीकडून उजवीकडे धावताना दिसतात, तसं. तिथेही क्रम पालटावा लागला. क्रम बरोबर आहे का ते तपासायला त्याने मला दहावीच्या विज्ञानातला उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आठवायला लावला. उजव्या हाताची बोटं शिरोबिंदूंच्या क्रमाने वळवायची, अंगठा जिकडे जाईल ते त्या पृष्ठाचं तोंड. आम्ही मायलेक रात्री अकरा वाजता पडद्यासमोर अंगठे दाखवत बसलो होतो. माझे मिस्टर दारातून डोकावले आणि काही न विचारता परत गेले.

पण क्रम दुरुस्त करूनही आत गेल्यावर भिंती दिसेनात. आता तर चारही दिसेनात. बाहेरून पूर्ण घर आणि आतून मोकळं मैदान. साहजिक होतं, सगळ्या भिंतींची तोंडं आता बाहेर होती.

तेव्हा मुलगा म्हणाला, "खरी भिंत अशी नसतेच ना अम्मी. खऱ्या भिंतीला जाडी असते." ही तिसरी वाट. भिंत पत्र्यासारखी नाही, ठोकळ्यासारखी बांधायची. मग तिला बाहेरचं एक पृष्ठ मिळतं, त्याचं तोंड बाहेर. आतलं दुसरं पृष्ठ मिळतं, त्याचं तोंड आत. दोन्ही सुलट, दोन्हीची पाठ भिंतीच्या पोटात, जिथे कुणी पाहणार नाही. यंत्राची काटकसरही राहते आणि घर बाहेरूनही घर दिसतं, आतूनही.

"जाडी किती होती?" त्याने विचारलं.

मी माझी वही चाळली. लांबी होती, उंची होती, खिडक्यांची मापं होती. जाडी कुठेच नव्हती. मला ती घ्यायची सुचलीच नव्हती. लहानपणी खिडकीच्या त्या रुंद पडदीवर बसून मी पाढे पाठ केले होते, आणि तरीही.

भावाच्या पहिल्याच कागदावर, सगळ्यात वर लिहिलं होतं : "भिंत जाड २ फूट. मागची पावणेदोन. खालून झिजली."

घर पाडणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी भिंतीची झीज मोजून लिहून ठेवली होती.

भिंतींना जाडी देऊन झाल्यावर मी मुलाला म्हटलं, "मामूला पाठव." त्याने लिंक पाठवली. रात्र बरीच झाली होती, सकाळी बघेल म्हटलं. पाच मिनिटांत फोन वाजला. मुलाचा नाही, माझा. सलाम झाला आणि मग दोन्हीकडे शांतता. पलीकडे तो मोबाइलवर घर फिरवत असणार. मधेच एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आपा, चुलीमागची दिवळी राहिली."

राहिलीच होती. अम्मी त्या दिवळीत काडेपेटी आणि मिठाची बरणी ठेवायची.

मी मुलाकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, दिवळी म्हणजे आतून पाहायची पेटी, तिच्या सगळ्या पृष्ठांची तोंडं आत हवीत, म्हणजे क्रम नेहमीच्या उलट. मी वही उघडली, पेन घेतलं आणि भावाला म्हटलं, "मापं सांग, लिहून घेते."

"कुठल्या बाजूने सांगू?" त्याने विचारलं. भाच्याने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं वाटतं.

"तुझ्या सवयीने सांग," मी म्हटलं. "या वेळी तुझाच क्रम लागणार आहे."

दिवळी एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच निघाली. खोली त्याने नऊ इंच सांगितली. त्यानंतर तो आणखी अर्धा तास बोलत होता, आणि त्यातलं काही वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.